खिलाडूवृत्तीचं लोण म्हणावं का?

अलिबागकडच्या एका कबड्डी मंडळाचा प्रश्न आहे. किशोर गटाच्या स्पर्धेच्या फलकावर त्यांनी लिहिलं, ‘खिलाडूवृत्तीचं लोण गावागावांत पोचवू या’. गावातल्या गुरुजींनी हरकत घेतली की लोण वाईट गोष्टीचंच असतं. कोण बरोबर?

मंडळ. गुरुजींना तरी काय बोल लावणार! पेपरात रोज ‘दंगलीचं लोण’, ‘कॉपीचं लोण’ वाचल्यावर लोण म्हणजे पटकीची साथच वाटायची. मराठीत साथ, फैलाव, कीड हे शब्द संपले की काय?

लोण म्हणजे मीठ, संस्कृत लवण. लोणच्यातलं, लिंबलोणातलं तेच. (लोण्याचा संबंध नाही, ते नवनीताचं लेकरू.) पण वाक्प्रचारात ते शिरलं मैदानातून. आट्यापाट्यांत नऊ पाट्या आखतात, त्यांना छेदणारी उभी सुरपाटी. पाटीपाटीवर गडी उभा, त्याची थाप बसली की बाद. सगळ्यांना हुलकावण्या देत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं आणि तसंच परत पहिल्या पाटीबाहेर यायचं. आलात की लोण! म्हणून लोण ‘पोचवतात’. कबड्डीतही अख्खा संघ बाद केला की लोणाचे २ जादा गुण मिळतात, तेही कमवावेच लागतात.

मीठ पाण्यात विरघळून पसरतं म्हणून ‘लोण पसरणे’, अशी व्युत्पत्ती ऐटीत सांगणारे पंडित भेटतात. त्यांनी आट्यापाट्या लांबूनही पाहिलेल्या नसाव्यात.

माझं विचाराल तर आट्यापाट्यांचं मैदान म्हणजे सरळसरळ मिठागर. पेण-उरणचं नाहीतर शिरोड्याचं मिठागर बांधावर उभं राहून बघा. चौकोनी वाफे, मधे अरुंद बांध, सगळी ये-जा त्या बांधांवरून. मिठावर कर आला की पहारा आला. पहारेकऱ्यांना चुकवून पलीकडचं मूठभर मीठ घरी आणायचं, हा डाव कुणा आगऱ्याच्या पोरानेच पहिल्यांदा मांडला असणार. १९३० साली शिरोड्याच्या सत्याग्रहींनी तरी दुसरं काय केलं? फक्त समोरचे गडी पाटी सोडून लाठ्या घेऊन धावले. हा खेळ मूळचा देशावरचा असं ठासून सांगणाऱ्यांनी आधी देशावर एखादं मिठागर दाखवावं, मग बोलू.

गावच्या आट्यापाट्यांत पंच कुठला असायला? थाप बसली की नाही, हे ज्याच्या त्याच्या पाठीला ठाऊक. थाप खाऊन लोण आणलं म्हणणाऱ्याला ‘रडीचा डाव खडी’ म्हणून पोरं असं काही पिडायची की तो पुढच्या डावाला निमूट बाहेर बसे. कबड्डीतही शिट्टीची वाट न बघता हात वर करून मैदान सोडणारा गडी अजून दिसतो. तेव्हा खिलाडूवृत्तीचं लोण खुशाल म्हणा.

फलकाच्या खालच्या ओळीत मात्र ‘वयचोरीचं लोण थांबवा’ छापलंय, ते खोडा. ‘वयचोरी चालणार नाही’ एवढं पुरे. आणि १६ वर्षांखालच्या गटात मिसरूड भादरून कुणी आला, तर आधी जन्मदाखला मागा.