‘च्यायला’, ‘आयला’, ‘शिंच्या’ हे शब्द मुळात शिव्या आहेत का आणि ते आता चारचौघांत चालतात का?

मुळात तिन्ही शिव्याच आहेत. ‘त्याच्या आयला’ किंवा ‘तुझ्या आयला’ असे म्हणताना पुढचे क्रियापद गिळले गेले, मग आरंभीचे सर्वनामही झिजले. षष्ठीचा ‘च्या’ तेवढा आईला चिकटून ‘च्यायला’ उरला, आणि तोही गळाल्यावर ‘आयला’. ज्याच्या आईचा उद्धार व्हायचा तो माणूसच वाक्यातून नाहीसा झाल्यामुळे शिवीचा रोख गेला आणि आश्चर्य किंवा वैताग दाखवणारा केवलप्रयोगी उद्गार तयार झाला. चेंडू सीमेपार गेला तरी ‘आयला’ आणि बस चुकली तरी ‘आयला’!

‘शिंच्या’ची गोष्ट अधिक गमतीची आहे. हा ‘शिंदळीच्या’चा संक्षेप असून शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी, म्हणजे अर्थाने तो ‘च्यायला’हून सौम्य नाही, तरीही ज्या सोवळ्या घरांत ‘च्यायला’ म्हटल्यावर पाठीत धपाटा बसे, त्याच घरांतले आजोबा नातवाला लाडाने ‘शिंच्या’ म्हणत. त्यामुळे शब्दाचा असभ्यपणा व्युत्पत्तीपेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे यावरून ठरतो, असे मला वाटते. कोकणात ‘रांडेच्या’सुद्धा स्नेहाने उच्चारला जातो, पण तो घाटावर नेऊन वापरून पाहू नये.

आज ‘आयला’ मालिकांत आणि विनोदी लेखनात सहज खपतो. मात्र मुलाखतीत, अर्जात किंवा सासरेबुवांसमोर तिन्ही शब्द टाळावेत.