चारचौघांतली धास्ती आणि दोन पेगचा आधार

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता आहे. शाळेपासूनच चारचौघांत बोलताना छातीत धडधडते, हात थरथरतात. कंपनीची पार्टी असो किंवा मित्रांबरोबर गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जाणे असो, आधी दोन पेग घेतले की मोकळेपणाने बोलता येते. मात्र दुसऱ्या दिवशी ‘आपण काय बरळलो असू’ या विचाराने जीव कासावीस होतो. आता घेतल्याशिवाय कुठे जावेसेच वाटत नाही. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची लक्षणे सामाजिक चिंताविकाराशी जुळतात, हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो. पेगने येणारा मोकळेपणा हा भास नव्हे, कारण मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम मद्य वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. मद्य उतरू लागले की हेच उलटते, दबलेली उत्तेजना उसळी घेते आणि उत्तररात्रीची झोपही मोडते. त्यामुळे सकाळच्या धडधडीचा बराचसा भाग शरीरातला असतो, मन मात्र तिचे कारण कालच्या बोलण्यात शोधत बसते. त्या दिवशी स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका, आणि अस्वस्थता घालवण्यासाठी पुन्हा पेग तर मुळीच घेऊ नका.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पार्टी छान पार पडली तरी तिचे श्रेय तुमचे मन मद्याला देते, आणि न पिताही आपल्याला बोलता येते हे अनुभवण्याची संधी दर वेळी हुकते. बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचारात, हीच संधी टप्प्याटप्प्याने दिली जाते : आधी चहाच्या सुट्टीत अनोळखी सहकाऱ्याशी बोलणे, मग बैठकीत एखादा प्रश्न विचारणे, पुढे पार्टीत नुसता सोडा घेऊन थोडा वेळ थांबणे. हात थरथरतील, थरथरू द्या. ते थरथरत असतानाही बोलणे पूर्ण करता येते, हे मनाला उमगायला हवे.

गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिनसारखे औषध देतात, ज्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मित्राने दिलेली अल्प्राझोलामसारखी चिंता शमवणारी गोळी घेऊन वर मद्य पिणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण दोन्हींमुळे श्वसन मंदावते. रोज भरपूर पिणे होत असेल, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा; एकाएकी सोडल्यास फिट येऊ शकते.

दवाखान्यात जाण्याचाच संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते. कोणाशीही बोललात तरी पिण्याचे प्रमाण कमी करून सांगू नका. औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.