आधी बाईंच्या शेजारी बस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

शाळेत जाऊन संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना हातभार लावायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. सोबत सबंध सत्राचा आराखडाही पाठवलास. त्यात प्रत्येक तासाला फळ्यापाशी तूच उभी आहेस, तेवढं मात्र मला खटकलं. तू आठवड्यातून एकदा जाणार, आणि उद्या नोकरी बदलली की तेही थांबणार. बाई तिथंच राहणार आहेत. त्यामुळे तू जे काही देशील, ते त्यांच्या हाताशी राहिलं पाहिजे.

हा विषय शिकवणारे पुष्कळजण मुळात गणिताचे नाहीतर विज्ञानाचे असतात. वेळापत्रकात जागा होती म्हणून संगणक त्यांच्या गळ्यात पडलेला असतो. त्यात अभ्यासक्रम बदलत राहतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली आयसीटी (माहिती व संचार तंत्रज्ञान) हा जुना विषय जाऊन कॉम्प्युटिंग आला आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून अल्गोरिदम, म्हणजे काम पायरी-पायरीनं करायची रीत, शिकवायचं ठरलं. काल-परवापर्यंत तक्ते आणि सादरीकरणं शिकवणाऱ्या माणसाला आज लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) आणि फंक्शन (नाव दिलेला प्रोग्रॅमचा तुकडा) शिकवायला सांगितलं, तर त्याच्या पोटात गोळा येणारच. बाईंना खरी भीती एकच असते: चाळीस पोरांसमोर प्रोग्रॅम अडला आणि आपल्याला सुचलं नाही तर? म्हणून वर्गात त्यांची चूक दुरुस्त करायला जाऊ नकोस, अगदी सेमीकोलनचीसुद्धा नाही. तासाआधी अर्धा तास त्यांच्या शेजारी बस. टाइप त्यांनाच करू दे. चूक आली की लाल अक्षरांतला संदेश मोठ्यानं वाचायला सांग. संदेश वाचायची सवय लागली की निम्मी भीती तिथंच ओसरते. आणि कीबोर्डला हात लावायचा नाही, ना बाईंच्या, ना मुलांच्या. हे तुला जड जाईल; तुझी बोटं फार लवकर शिवशिवतात.

आता मुलांकडे वळू. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन संख्या विचारून त्यांची बेरीज छापायची, हा अगदी सुरुवातीचा प्रोग्रॅम. मूल ५ आणि ७ टाइप करतं आणि उत्तर येतं ५७. ‘मॅडम, कॉम्प्युटर चुकला!’ तुला कारण दिसतंय: इनपुटनं आलेलं सगळं मजकूर म्हणून येतं आणि अधिक चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं. ‘इथं इंट लाव’ (इंट म्हणजे मजकुराची संख्या करणारी आज्ञा) म्हणून पुढं जाशील, तर मूल इंट पाठ करेल आणि पुढच्या वेळी नको तिथं लावेल. त्याऐवजी म्हण, ‘त्याच प्रोग्रॅमला संख्यांऐवजी तुझं नाव आणि आडनाव देऊन बघ.’ नाव-आडनाव चिकटून आलं की पोरं स्वतःच म्हणतात, अरे, हा जोडतोय, बेरीज नाही करत! मग इंट कशासाठी, हे सांगावं लागत नाही. रॉय पी या संशोधकानं १९८६ मध्ये या घोळाचं मूळ नेमकं पकडलं होतं. यंत्रात कुणीतरी समजूतदार बसलंय आणि आपल्या मनातलं त्याला कळतं, असं नवशिक्यांना आतून वाटत असतं. त्याला त्यानं ‘सुपरबग’ म्हटलं. वर्गात फिरताना तुला तो जागोजागी भेटेल.

दुसरी गोष्ट: रन करण्याआधी अंदाज लिहून घे. फळ्यावर लिही: क मध्ये ५, ख मध्ये ७. मग क = ख (म्हणजे ख मधलं क मध्ये टाक), आणि त्याखाली ख = क. शेवटी दोन्हींत काय? बरीच मुलं म्हणतील, अदलाबदल झाली. वहीत दोन चौकोन काढून ओळीगणिक ड्राय रन केला, म्हणजे यंत्राविना हातानंच प्रोग्रॅम चालवून पाहिला, की दिसतं, पहिल्याच ओळीत ५ पुसला गेला, दोन्हींत ७. आधी अंदाज, मग रन, मग खोदून पाहणं, मग बदल, आणि शेवटी स्वतःचा प्रोग्रॅम, हा क्रम संगणकशिक्षणाच्या संशोधक स्यू सेंटन्स यांनी ‘प्रिम’ नावानं मांडला. बाईंना तो लगेच पटेल, कारण कोऱ्या पडद्यापुढं मुलांना बसवायचं संकट त्यात शेवटी येतं.

यंत्रं कमी असली तरी फार कुरकुर करू नकोस. प्रोग्रॅमच्या ओळी कागदावर छापून, पट्ट्या कापून, उलटसुलट करून दे आणि क्रम लावायला सांग. पार्सन्स आणि हेडन या संशोधकांनी २००६ मध्ये असे प्रश्न मांडले, आणि ते परीक्षेतही चालतात. १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची पाच कार्डं पाच मुलांच्या हातात दिली की, कार्ड दाखवलं तर १ आणि उलटं धरलं तर ० असं करत, ० ते ३१ पर्यंतच्या सगळ्या संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) उभ्या राहतात. हा न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांच्या ‘अनप्लग्ड’ (यंत्राविना शिकायच्या) उपक्रमांतला खेळ. पण कार्डांतच रमू नका. मुलं यंत्रासाठी आसुसलेली असतात.

ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं स्क्रॅच की पायथॉन, या वादात पडू नकोस. बाईंना जे येतं ते.

एका यंत्रावर दोघं बसली की नीट बघ. एकजण वर्षभर टाइप करतो आणि दुसरी वर्षभर बघत राहते. दर काही मिनिटांनी जागा बदलायला लाव, घड्याळ लावून. आणि ज्याचं काम सगळ्यांत आधी उरकतं त्याला ‘बाकीच्यांना मदत कर’ म्हणून सोडू नकोस. तो जाऊन त्यांचा माऊस ओढून घेईल. त्याला सांग, इतरांचे प्रोग्रॅम पाडून दाखव. वय विचारलं तर उणे संख्या दे, नाव विचारलं तर काहीच न देता एंटर दाब. प्रोग्रॅम पडला तर तो दुरुस्त ज्याचा त्यानंच करायचा.

राहता राहिला चॅटबॉट. मुलं त्याच्याकडून लिहून आणतील, आणि बाई विचारतील की हे पकडायचं कसं. पकडापकडीत वेळ घालवू नका. आणलेल्या प्रोग्रॅममधली एक ओळ खोडायची, किंवा लूप दहाऐवजी नऊ वेळा फिरवायचा, आणि रन न करता विचारायचं, आता काय छापून येईल? असे दहा-बारा प्रश्न बाईंसोबत बसून तयार कर आणि मलाही पाठव. मी त्यांत थोडे खोडसाळ प्रश्न घालून परत पाठवीन.

कळावे.