वाळूत प्लास्टर ओतून केलेल्या मॉडेलचा वास्तुरचनेच्या अभ्यासात उपयोग होतो का?

स्टुडिओच्या प्रकल्पासाठी वाळूत प्लास्टर (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओतून मॉडेल करावे का, आणि त्यातून देखण्या वस्तूपलीकडे काही हाती लागते का, असा आपला प्रश्न आहे. मी मुंबईत वास्तुविशारद म्हणून काम करतो आणि विद्यार्थ्यांना हा प्रयोग आवर्जून करायला लावतो. माउंटबोर्डच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या, मॉडेलमध्ये आपण भिंती उभ्या करतो आणि त्यांच्यामध्ये जागा उरते. वाळूत मात्र प्लास्टर पोकळीत भरते आणि वाळूची जागा शेवटी रिकामी होते, म्हणून भिंत हवी असेल तर चर खणावा लागतो आणि खोली हवी असेल तर ढीग रचावा लागतो. वास्तुविशारद पाओलो सोलेरी यांनी ॲरिझोनातील कोसांती येथे मातीच्या ढिगाऱ्यांवर काँक्रीट ओतून, ते घट्ट झाल्यावर खालची माती उपसून खरोखरीच्या वास्तू उभ्या केल्या, त्या याच विचारातून. न्यूयॉर्कमधील ऑलिव्हेट्टी या टाइपरायटर कंपनीच्या दालनासाठी शिल्पकार कोस्तान्तिनो निवोला यांनी १९५४ मध्ये केलेले भिंतभर उठावशिल्पही वाळूतच ओतलेले होते.

सगळी मदार वाळूच्या ओलाव्यावर असते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांहून उभा उतार धरत नाही. ओलसर वाळूत कणांमधल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना बांधून ठेवतो, म्हणून जवळजवळ उभी कडही टिकते. आणि पाणी जास्त झाले की तीच कड ढासळते. नदीची बारीक वाळू चाळून, ओलसर करून मुठीत दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा बोटांच्या ठशांसह शाबूत राहिला आणि तळहाताला पाणी सुटले नाही, तर वाळू तयार झाली. चौपाटीवरची वाळू मुळीच वापरू नये, कारण तिच्यातल्या मिठाने प्लास्टर फार लवकर आवळते, म्हणजे घट्ट होते, आणि पुढे पृष्ठभागावर लोणा फुटतो.

वजनाने १० भाग प्लास्टरला ६ ते ७ भाग पाणी घ्यावे, प्लास्टर पाण्यात भुरभुरून मिनिटभर मुरू द्यावे आणि मग सावकाश ढवळावे. धार थेट वाळूवर सोडल्यास तिथे खड्डा पडतो. ती चमच्याच्या पाठीवरून ओघळू द्यावी. पातळ पहिला थर आवळू लागला की प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या त्यावर पसरावा. लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत तो सहज पाहायला मिळतो, आणि तिथल्या कारागिरांचे हात तासभर न्याहाळणे कोणत्याही व्हिडिओपेक्षा उपयोगाचे आहे. जाड ओतकाम घट्ट होताना चांगलेच तापते, तेव्हा त्यात हात ठेवू नये; उरलेले प्लास्टरही मोरीत ओतू नये. पावसाळ्यातल्या दमट हवेत ओतकाम वाळायला बरेच दिवस लागतात, हे सादरीकरणाची तारीख पाहून आधीच धरावे.

अभ्यास खरा सुरू होतो तो यानंतर. ओतकाम थोडे ओलसर असतानाच करवतीने मधोमध कापावे, तो छेद मोजून कागदावर रेखाटावा आणि मूळ रेखाटनावर ठेवून पाहावा. जिथे कड गोलावली किंवा भिंत पायाशी जाड झाली, तिथे वाळूने आपला उतार घेतलेला असतो. त्या जागा घासून सरळ करण्याऐवजी पुढच्या आराखड्यात तशाच स्वीकारून पुन्हा ओतून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.