कणीक मळायच्या आधी सांगा

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. घरात मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. जवळपास दर शनिवारी रात्री आठला नवऱ्याच्या मित्रांचा फोन येतो, "चलो, सराफा," म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात. तोवर सासूबाईंचा सगळा स्वयंपाक झालेला असतो. त्या भांडत नाहीत, "आधी सांगितलं असतं तर" एवढंच म्हणतात आणि रविवारी सकाळी उरलेलं शिळं एकट्याच संपवत बसतात. घरी थांबले तर नवऱ्याचं तोंड उतरतं, गेले तर मला घास गोड लागत नाही. बाहेरचं जाणं कमी व्हावं म्हणून एका रविवारी सगळ्यांना घरी पोह्यांना बोलावलं, तर पोहे कोरडे झाले, त्यांचे गोळे झाले. शेवटी सगळे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेले. काय करू?
— एक सून, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं "आधी सांगितलं असतं तर" हे वाक्य जसंच्या तसं खरं माना. सासूबाईंनी बाहेर जाऊ नका असं म्हटलेलं नाही, बाहेरच्या खाण्याला नावंही ठेवलेली नाहीत. कुकर उतरलाय, कणीक मळून झालीय, अर्ध्या पोळ्या डब्यात पडल्यात, आणि तेव्हा त्यांना कळतं की हे आज कोणी खाणार नाही. संध्याकाळचं दीड-दोन तास उभ्याने राबणं असं वाया गेलं तर कुणालाही लागेल. म्हणून या घरात ठरवायची गोष्ट एकच आहे : शनिवारचा बेत कणीक मळायच्या आधी पक्का व्हायला हवा.

त्यासाठी वेळ बांधा. संध्याकाळी सहा. सहापर्यंत मित्रांचं ठरलं तर जायचं, सहानंतर फोन आला तर "पुढच्या शनिवारी". आणि हे आईंना सांगायचं काम तुमच्या नवऱ्याचं, तुमचं नाही. मित्र त्याचे आहेत आणि आईही त्याची. तुम्ही निरोप्या झालात की होकार-नकार दोन्हींचा भार तुमच्यावर येतो, सध्या तेच चाललंय. त्याने स्वतः स्वयंपाकघरात जाऊन "आई, आज आम्ही तिघं बाहेर आहोत, आमच्यासाठी थोडंसंच करा" इतकं म्हटलं तरी पुरे. पहिल्या एक-दोन शनिवारी मित्र कुरकुर करतील. पण सराफ्यात सोन्या-चांदीची दुकानं मिटल्यावर खाण्याची दुकानं लागतात आणि खरा रंग नऊनंतर चढतो. सहाला ठरवून कुणाचं काही बुडत नाही.

आता थोडं सराफ्याबद्दल. सराफा म्हणजे रात्रीचं जेवण असं धरलंत की घरचं अन्न उरणारच. तिथे भुट्ट्याचा कीस, दहीवडा, खोबरा पॅटिस, थंडीत गराडू (तळलेला कंद) असं थोडं थोडं चाखत फिरायचं असतं. रिकाम्या पोटी गेलं की मुलगा पहिल्याच ठेल्यावर तळलेलं पोटभर खातो आणि मध्यरात्री पोट धरून बसतो. म्हणून निघण्यापूर्वी साडेसातला मुलाला वरणभात द्या, तुम्ही दोघं एकेक पोळी वरण-भाजीशी खा. मग तिथे प्रत्येक पदार्थाची एक प्लेट दोघांत घ्या. सासूबाईंचं अन्न खाल्लं जातं, खर्चही आवाक्यात राहतो.

नियम केला तरी दर वेळी सहापर्यंत ठरेलच असं नाही, त्यामुळे शनिवारचा स्वयंपाक थांबू शकेल असा ठेवा. तुरीचं वरण कुकरला शिजवून घोटून ठेवायचं, पण फोडणी द्यायची नाही. बिनफोडणीचं वरण फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतं आणि रविवारी त्याचीच आमटी किंवा वरणफळं होतात. बटाटे उकडून सालासकट ठेवा. सोलून, फोडी करून ठेवले तर कडेने कोरडे पडतात. कोशिंबिरीची काकडी पानं घेतानाच चोचवा आणि मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर अर्ध्या तासात पाणी सुटून बसतं. तांदूळ धुऊन ठेवू नका, भात पंधरा-वीस मिनिटांत होतो, तो निर्णयानंतर. कणकेचा हिशेब सोपा आहे : मध्यम वाटीभर पिठाच्या चार-पाच पोळ्या होतात, तेव्हा बाहेर जायच्या दिवशी पाच जणांना दीड वाटी पुष्कळ झाली. मळून झालेली कणीक उरलीच तर तिला तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा. उघडी राहिली तर वरचा थर वाळतो, काळपट होतो आणि पोळीला चिरा पडतात.

सासूबाई शिळं एकट्याच खातात, हे लगेच थांबवायला हवं. दोन कारणं आहेत. एक तर भात. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला की त्यात शिजवूनही न मेलेले काही जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळी भात गरम केल्याने जात नाही. उलट्या-जुलाबांचं हे नेहमीचं कारण आहे आणि वयस्कर माणसाला ते सोसत नाही. उरलेला भात ताटात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. तो ओट्यावरच राहून गेला असेल तर जीव हळहळला तरी टाकून द्या. दुसरं कारण उघड आहे : उरलेलं सगळ्यांचं होतं, तर ते सगळ्यांनी खायचं. चार-पाच पोळ्या उरल्या असतील तर हाताने कुस्करा, फार बारीक नको. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, एक मोठा कांदा गुलाबीसर परता, पोळीवर दोन-तीन चमचे ताक शिंपडा आणि मगच फोडणीत टाकून झाकण ठेवून दोन वाफा आणा. ताक शिंपडलं नाही तर कुस्करा घशात अडकतो. रविवारी सकाळी हा कुस्करा कढईभर करून नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताटात आधी वाढा.

सासू-सासऱ्यांनाही बाहेर न्या, पण सराफ्यात नव्हे. तिथली गर्दी, उभ्याने खाणं, गाडी लांब लावून चालत येणं, शिवाय अपरात्र, हे सगळं गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रासाचंच. त्यांना छप्पन दुकानला न्या, संध्याकाळी सहाच्या सुमारास. तिथे रस्त्यावर गाड्या येत नाहीत, बसायला जागा मिळते आणि आठपर्यंत घरी परतता येतं. महिन्यातून एकदा हे ठरवून टाका आणि त्या दिवशी घरी फक्त मुगाची खिचडी लावा. सासूबाईंचा उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीबद्दल आधी विचारून घ्या. इंदूरची खिचडी वाफेवर ठेवलेली असते आणि मागितल्यावर वरून मसाला, बटाट्याचा चिवडा घालून कालवून देतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत उपासाला हळद, हिंग, धणे चालत नाहीत आणि जिरावनात, म्हणजे या इंदुरी मसाल्यात, ते असतात. "मसाला नको, फक्त मिरची, लिंबू आणि सैंधव" असं आधीच सांगितलं तर त्यांना निर्धास्त खाता येईल.

राहता राहिले पोहे. तुमचे गोळे का झाले हे ताटाजवळ नसतानाही सांगता येतं. तुम्ही घरच्या पद्धतीने कांदेपोहे केले आणि माणसं उशिरा आली म्हणून कढईत पुन्हा पुन्हा गरम केले. कांदेपोहे चार जणांना लगेच वाढायचे असतील तर उत्तमच, पण दहा जण तासाभरात मागेपुढे येणार असतील तर ते टिकत नाहीत, तळाशी कोरडे पडतात आणि हलवले की मोडतात. इंदुरी पोहे वाफेवर होतात आणि वाफेवरच राहतात. दुकानदाराच्या पोह्यांच्या परातीखाली सतत उकळतं पाणी असतं, म्हणून सकाळी सातचे पोहे दहा वाजताही मऊ लागतात.

दहा जणांना 750 ग्रॅम जाडे पोहे घ्या. पातळ किंवा मध्यम पोहे इथे चालणार नाहीत, वाफेने त्यांचा लगदा होतो. मोठ्या चाळणीत घेऊन नळाखाली दोन-तीनदा धुवा, भिजत घालू नका, आणि चाळणीतच पंधरा मिनिटं निथळू द्या. दाणा बोटात दाबल्यावर मोडला पाहिजे, पण त्याचं पीठ व्हायला नको. मध्ये कडक लागला तर पाण्याचा एक हबका मारून आणखी पाच मिनिटं थांबा. आता ओल्या पोह्यांवरच तीन सपाट चमचे मीठ, दोन मोठे चमचे साखर आणि दीड लहान चमचा हळद भुरभुरवा आणि बोटं उघडी ठेवून हलक्या हाताने खालीवर करा. हळद फोडणीत घातली की कुठे पिवळे, कुठे पांढरे असे पोहे होतात, शिवाय ती करपायची भीती. मीठही ओल्या दाण्यालाच नीट लागतं.

फोडणीला सहा मोठे चमचे तेल. दीड चमचा मोहरी तडतडली की दोन चमचे बडीशेप, दोन चमचे अर्धवट कुटलेले धणे, सात-आठ हिरव्या मिरच्यांचे तुकडे. बडीशेप आणि धण्यांशिवाय इंदूरची चव येणारच नाही. मुलं खाणार असतील तर मिरचीचे तुकडे मोठे ठेवा, वेचून काढता येतात. कांदा फोडणीत घालू नका, तो वरून कच्चा जातो. फोडणी पोह्यांवर ओतून कालवा आणि मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यावर बसणाऱ्या चाळणीत घाला. खालचं पाणी आधीपासून खळखळतं असावं आणि चाळणीला लागता कामा नये. झाकणाला आतून स्वच्छ फडकं बांधा, नाहीतर झाकणाचं पाणी ठिबकून वरचे पोहे चिखल होतात. दहा मिनिटं चांगली वाफ, मग आंच बारीक. अशा अवस्थेत ते तासभर सहज राहतील, फक्त खालचं पाणी संपत नाही ना ते पाहत रहा. मध्ये ढवळू नका.

पोह्यांबरोबरची जिलबी घरी करायच्या फंदात पडू नका, ती कोपऱ्यावरच्या दुकानातून साडेआठला गरम आणायला नवऱ्याला पाठवा. सासूबाईंना मात्र पोह्यांच्या चुलीपाशी उभं करू नका. त्या पाहुण्यांबरोबर बसल्या तरच हा रविवार त्यांचाही होईल. टेबलावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, रतलामी सेव आणि जिरावन वेगवेगळ्या वाट्यांत मांडा. जिरावन आणि सेव प्रत्येकाने आपल्या बशीतच घालावी. जिरावनात काळं मीठ आणि आमचूर असतो, तो आधीच मिसळला तर खारटपणाचा अंदाज चुकतो, आणि वाफाळत्या भांड्यात सेव पडली तर पाच मिनिटांत मऊ होते.