चहूकडे समुद्र असलेल्या एकट्या बेटावर लोक वर्षभर राहतात कसे? प्यायचं पाणी कुठून येतं?

मी रावेर तालुक्यातला, घरी केळी, पण काम जनरेटर रिपेअरिंगचं. त्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी अडीच महिने मिनिकॉयला राहून आलोय, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

मिनिकॉय म्हणजे लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. कोचीपासून साधारण ४०० किलोमीटर, विमानतळ लक्षद्वीपात फक्त अगत्तीला, त्यामुळे इथे जहाजच, आणि आपण भारतीय असलो तरी परमिट काढावं लागतं. लक्षद्वीपची बाकी बेटं लांब पडतात, मालदीव त्यामानाने जवळ, म्हणून भाषाही मल्याळम नाही, महल बोलतात, मालदीवच्या धिवेहीसारखी, आणि लिहितात उजवीकडून डावीकडे. बेट केवढं तर साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास, विळ्यासारखं वाकडं आणि चिंचोळं, आणि २०११ च्या जनगणनेत तिथे दहा हजारावर माणसं होती. डोंगर नाही, नदी नाही, नाला नाही, पायाखाली पोवळ्याची पांढरी रेती आणि वर नारळ.

आता पाणी. मला वाटलं होतं विहीर खणली की खारंच लागणार, तर तसं नाही. पावसाचं पाणी रेतीतून खाली मुरतं आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, डाळीवर तेलाची तर्री राहते ना तसं. हिशोब असा सांगतात की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं, आणि वरचं एक फूट उपसलं की खालचं खारं वर सरकायला लागतं. मी ज्या घरी राहायचो तिथल्या विहिरीचं पाणी भरतीला चढायचं आणि ओहोटीला उतरायचं, चांगलं बोटभर फरक दिसायचा, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वेड्यासारखा तासभर कठड्याला टेकून बसलो होतो.

वडिलांनी फोनवर विचारलं पाणी किती फुटावर लागतं, मी म्हटलं सहा-सात. ते म्हणे फेकू नको. आमचा सातशे फुटाचा बोअर त्याच उन्हाळ्यात आटला होता भो, त्यांचंही बरोबर. आपल्याकडे पाणी गेलं की अजून खोल जायचं, आणि तिथे नेमकं खोल गेलं की संपलं. मोठी मोटर लावली की विहीर खारी, म्हणून बादलीने हळूहळू काढायचं. शिवाय घरं एकमेकांना खेटून, शोषखड्डे विहिरीजवळ, त्यामुळे तेही पाणी सगळीकडे पिण्यालायक राहिलेलं नाही. २०११ पासून समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचा प्लांट आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेऊन त्याची वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खालून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ गार करायची, बस. पण पंप चालतात विजेवर, वीज मुख्यतः डिझेलवर आणि डिझेल येतं जहाजाने, म्हणजे फिरून जहाजावरच.

खायचं म्हणाल तर भात, नारळ आणि टूना. भाजी, कांदा, पीठ सगळं कोचीहून, आणि जून लागला की जहाजांचं वेळापत्रक कोलमडतं. वांगं दिसलं तर भरीत करायचं ठरवून गेलो होतो, एकदाच मिळालं, तेही सुकलेलं.

टूना पकडतात ते मात्र बघण्यासारखं. लगूनमधले, म्हणजे बेटालगतच्या उथळ शांत पाण्यातले बारीक मासे जिवंत धरून होडीत पाण्यात ठेवतात, बाहेर टूनाचा थवा दिसला की ते फेकतात, वर पाण्याचे फवारे मारतात आणि एकेक गडी बांबूच्या गळाने मासा उचलून मागे होडीत टाकतो. गळाला काटेरी अडक नसते त्यामुळे मासा आपोआप सुटून पडतो, दुसऱ्या सेकंदाला गळ परत पाण्यात. मग तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की मासमीन तयार, इतकं कडक की सागाचा तुकडा वाटावा. निघताना मालकीणबाईंनी अर्धा किलो बांधून दिलं होतं. घरी आमच्या माळकरी आईने पिशवीचा वास घेतला आणि बॅगेसकट मला खळ्यात पाठवलं, दोन दिवस बॅग तिथेच होती.