केस चालू असताना मुलाला घेऊन डेन्मार्कला यायचं तर

तुम्ही विचारलंय, शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात कस्टडीची केस चालू असताना डेन्मार्कची नोकरी घ्यावी का, आणि इथल्या सहनिवासात, बोफेलेस्कॅबमध्ये, राहिलं तर आठ वर्षांच्या मुलाला माणसं मिळतील का. व्हिसा, पगार, टॅक्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडून देते. मी कोथरूडची. मुलीला घेऊन अशाच वसाहतीत राहते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

माणसं भरपूर मिळतील. या वसाहतींची कल्पना निघाली तीच मुलांवरून. १९६७ मध्ये बोडिल ग्रो यांनी 'मुलांना शंभर आईबाप हवेत' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि १९७२ मध्ये हिलरॉडजवळ सेटेडामेन ही वसाहत उभी राहिली, २७ घरांची. प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, शिवाय एक सामाईक घर, तिथे एकत्र जेवणं आणि स्वयंपाकाच्या पाळ्या. आमच्याकडेही तसंच. माझ्या पाळीला मी मसुराची आमटी करते, तिखट अगदी कमी, तरी पोरं पाणी पीत पीत खातात.

घटस्फोट झाला म्हणून इथे कुणी आवाज खाली आणत नाही. मागच्या रांगेतला एक मुलगा आठवडाभर आईकडे असतो, आठवडाभर बाबांकडे. दोघंही याच वसाहतीत राहिले, फक्त घरं वेगळी केली. शुक्रवारी तो दुलई खांद्यावर टाकून अंगण ओलांडतो, वाटेत फुटबॉल चालू दिसला की दुलई बाकावर फेकून खेळायला लागतो. त्याच्या आईचा मला हेवा वाटतो. माझ्या मुलीचे बाबा पुण्यात आहेत. तुमच्या मुलाचेही पुण्यातच राहणार, आणि ती जागा शंभर माणसांनी भरत नाही.

माझी केस पेटली तेव्हा मुलीच्या बाबांच्या वकिलांनी अर्जात लिहिलं की मुलगी परक्यांच्या घरात वाढतेय. शाळेतून आली की ती समोरच्या आजींकडे असायची, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मी तिचं सगळं नीट करते एवढं दोन ओळींत लिहून द्या. त्या नाही म्हणाल्या. "ती माझ्याकडे बाबांबद्दल बोलते. मी तुझ्या कागदावर आले तर ती बोलायची थांबेल." बाबांच्या आठवणीने ती तिथे रडते, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आजींचं बरोबर होतं असं सगळे म्हणतात. असेल. मला ते अजून बोचतं. तरीही तुम्हाला सांगते, शेजाऱ्यांना केसमध्ये ओढू नका. आपल्या वाड्यातल्या काकू आपल्या बाजूने भांडतात, तेव्हा आपल्याला आधार वाटतो. पण मुलाला एक तरी माणूस असं हवं, जे कुणाच्याच बाजूचं नाही.

शाळेचंही असंच. शाळेचं ॲप इथल्या सरकारी लॉगिनशिवाय उघडत नाही, त्यामुळे तिच्या बाबांना काहीच दिसत नव्हतं. मग कुणीतरी फॉर्मवर वडिलांपुढे 'संपर्क नाही' असं लिहून टाकलं. दर रविवारी फोन करणाऱ्या माणसापुढे! आणि ते मुलीने वाचलं. मी तक्रार केली, दुरुस्ती झाली, पण राग गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. हिवाळ्यात जास्त. कामाला लागायचं.

कोर्टाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मुलाला घेऊन विमानात बसू नका. एका पालकाने परदेशात नेलेलं किंवा अडकवून ठेवलेलं मूल परत मागण्यासाठीचा १९८० चा हेग करार आहे, त्यात डेन्मार्क आहे, भारत नाही. म्हणून सुट्टीत मुलीला पुण्याला नेताना दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती तिथे अडकली तर त्या करारावर तिला परत मागता येणार नाही. आणि हीच भीती तुमच्या नवऱ्याला उलट बाजूने वाटत असणार, ते वकिलाशी बोलताना लक्षात ठेवा. ऑर्डरमध्ये सुट्ट्या नेमक्या लिहून घ्या. व्हिडिओ कॉलची वेळ कुठल्या देशाची तेही घाला. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. आमच्याकडे यावरून किती रविवार भांडणात गेले.

आणि मुलाचा पासपोर्ट आजच काढून बघा. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो आणि नव्याने काढायला ॲनेक्शर डी या संमतीच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. एकाने सही दिली नाही तर ॲनेक्शर सी, आणि मग खुलासे देत बसायचं. मुदत संपत आली असेल तर दोघं पुण्यात आहात तोवर हे काम उरकून घ्या.